बैठक आणि बैठका

मराठीत 'बैठक' हा शब्द दोन परस्परविरोधी अर्थांनी नांदतो. दिवाणखान्यात बैठक असते, गाण्याची बैठक असते, कार्यकारिणीची असते. एखाद्या लेखनाला वैचारिक बैठक आहे असे म्हणून आपण त्याचा गौरव करतो. ज्याची बैठक पक्की तो अभ्यासू, ही आपली जुनी समजूत आहे. याच शब्दाचे अनेकवचन तालमीत ऐकू आले की मात्र चित्र पालटते. तिथे बैठका 'मारतात' किंवा 'काढतात', आणि त्या काढताना माणूस एक क्षणही स्वस्थ बसलेला नसतो. एकवचनात स्थैर्य आणि अनेकवचनात घाम, अशी ही गंमत आहे. गेल्या दीडशे वर्षांतला मराठी पांढरपेशा वर्ग या दोन अर्थांच्या मधोमध उभा आहे, किंवा नेमके सांगायचे तर बसलेला आहे, असे आम्हांला वाटते.

बसून काम करणाऱ्यांचे दुखणे आधुनिक नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारताना 'तू काय काम करतोस?' हाही प्रश्न वैद्याने विचारलाच पाहिजे, हा त्याचा आग्रह. खाणीत उतरणाऱ्यांपासून कुंभारांपर्यंत अनेकांच्या व्याधी त्याने नोंदवल्या, आणि त्यांत शिंपी-चांभारांसारखे दिवसभर वाकून बसणारेही होते. सुट्टीच्या दिवशी तरी या मंडळींनी शरीराला हालचाल द्यावी, म्हणजे अनेक दिवसांच्या बसण्याने झालेली हानी थोडी तरी भरून निघेल, असा सल्ला त्याने दिला. पुढे १७१३च्या वाढीव आवृत्तीत त्याने लेखनिकांचाही समावेश केला. सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण ही त्यांच्या दुखण्याची कारणे त्याने सांगितली. तीनशे वर्षांपूर्वीचे हे निदान आजच्या कोणत्याही कचेरीत जसेच्या तसे टांगता येईल.

आपल्याकडे कारकुनी काही इंग्रजांबरोबर आली नाही. पेशव्यांच्या फडावर दौत-लेखणी घेऊन मांडी ठोकून बसणारे कारकून होतेच. पण जमिनीवर बसणाऱ्याला दिवसातून अनेकदा गुडघ्यांवर भार देऊन उठावे लागे. खुर्ची आली आणि तेवढेही कष्ट वाचले. विद्यापीठाची पदवी, सरकारी नोकरी आणि खुर्ची या तिन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातात हात घालून आल्या. अंगमेहनत न करता पोट भरता येणे हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. मुलगा 'सावलीत बसून' काम करतो हे सांगताना आईबापांच्या आवाजात जो अभिमान असे, तो उन्हात राबलेल्या पिढ्यांचा अभिमान होता. त्याला हसण्याचा अधिकार आम्हांला नाही.

मात्र याच काळात सुशिक्षितांच्या शरीराविषयीची चिंताही सुरू झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली बत्तिसाव्या वर्षी गेले, काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ साली त्रेचाळिशीत, तर आगरकर १८९५ साली एकोणचाळिसाव्या वर्षी. या मृत्यूंची वैद्यकीय कारणे वेगवेगळी होती, आणि त्या सर्वांचे खापर बैठ्या जीवनावर फोडणे हा इतिहासावर अन्याय होईल. पण समाजाला त्यांतून एक चित्र दिसले: बुद्धी तेजस्वी, देह दुबळा. पदवीधरांच्या अकाली मृत्यूंचा प्रश्न न्यायमूर्ती रानड्यांनाही जाहीरपणे मांडावासा वाटला. टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यासाऐवजी शरीर कमावण्यात घालवले, ही कथा महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली ती याच चित्रावरचा उतारा म्हणून.

त्यानंतर व्यायामाचे एक मोठे पर्व महाराष्ट्रात आणि मराठी माणसांच्या परिघात घडले. अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झाले. १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले, आणि त्याच वर्षी लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम उभे राहिले. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' सिद्ध केला. मल्लखांब, लाठी, कुस्ती, जोर, आसने यांची इतकी तपशीलवार नोंद करणारा दुसरा प्रकल्प निदान मराठीत तरी आमच्या पाहण्यात नाही.

या साऱ्या चळवळीकडे पाहताना एक गोष्ट मात्र खटकत राहते. तिच्या डोळ्यांसमोरचा माणूस प्रामुख्याने तरुण होता. व्यायाम करायचा तो बलोपासनेसाठी, राष्ट्रासाठी, परकीय सत्तेपुढे ताठ मानेने उभे राहण्यासाठी. विशी-पंचविशीतल्या मुलाला हे सांगणे सोपे होते. पण तोच मुलगा नोकरीला लागला, त्याचे लग्न झाले, पोट सुटू लागले की त्याला काय सांगायचे? तालमीचा उल्लेख मग भूतकाळात होऊ लागतो. 'आम्ही एके काळी रोज दोनशे जोर काढत होतो' हे वाक्य ज्याने चाळिशीतल्या माणसाच्या तोंडून ऐकले नाही, असा मराठी माणूस विरळा. तारुण्यात कमावलेले शरीर ही जणू मुदतठेव, तिच्या व्याजावर उरलेले आयुष्य काढता येईल, अशी ही समजूत आहे.

ही समजूत ज्यांनी आपल्या आचरणातून खोडून काढली त्यांत औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. ते डेक्कन कॉलेजचे पदवीधर, चित्रकार आणि कलासंग्राहक होते. १९३९ साली आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देणारे संस्थानिक होते. शरीराच्या बाबतीत त्यांनी आधी युरोपातल्या प्रसिद्ध सँडोच्या पद्धतीचा सुमारे दहा वर्षे अभ्यास केला. ती सोडून ते सूर्यनमस्कारांकडे वळले ते चाळिशीच्या सुमारास, म्हणजे ज्या वयात इतरांची तालीम सुटते त्या वयात. उपकरण नको, जागा एका माणसाच्या लांबीइतकी, खर्च काही नाही, आणि डोक्यापासून टाचेपर्यंत शरीराचा एकही भाग स्वस्थ राहत नाही, हे त्यांनी ओळखले. औंधच्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिले, आणि स्त्रियांनीही ते घालावेत असा आग्रह धरला. १९३६ साली ते इंग्लंडला गेले तेव्हा वयाच्या अडुसष्टीतला हा राजा लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंना इतका तरतरीत दिसला, की त्यांच्याच संपादनाखाली १९३८ साली त्याच्या पद्धतीचे इंग्रजी पुस्तक तिकडे निघाले. नमस्कारांविषयीचे भवानरावांचे सगळेच दावे आज वैद्यकशास्त्र मान्य करणार नाही. पण व्यायाम हा तारुण्याचा पराक्रम नसून दात घासण्यासारखा आयुष्यभराचा नित्यक्रम आहे, हा त्यांचा मूळ विचार काळाच्या पुढे होता.

त्या विचाराला आकड्यांचा आधार मिळाला तो लंडनच्या रस्त्यांवर. जेरेमी मॉरिस (१९१०–२००९) हे पोलंडहून आलेल्या ज्यू निर्वासित कुटुंबातले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वैद्यकीय सेवेत असताना त्यांनी भारत आणि ब्रह्मदेशातही काम केले होते. युद्धानंतर हृदयविकाराचे प्रमाण का वाढते आहे याचा शोध घेताना त्यांनी लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीतले सुमारे ३१,००० पुरुष कर्मचारी निवडले. १९५३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुमजली बसचा चालक दिवसभर बसलेला, तर वाहक कामाच्या एका दिवसात ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. दुमजली बसमध्ये तिकिटे फाडणे म्हणजे काय, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. बस एक, धूर एक, वेतन आणि राहणीमान जवळपास सारखे, तरीही वाहकांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा कमी आढळला, आणि झालाच तर तो कमी घातक असे. टपाल वाटत फिरणारे आणि टपालखात्यात बसून काम करणारे यांच्यातही असाच फरक दिसला.

मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. १९५६ साली त्यांनी चालक-वाहकांच्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारी कमरेला अधिक रुंद होत्या! मग शंका आली: बसण्यामुळे माणसे स्थूल होतात, की मुळातच स्थूल माणसे बसायचे काम पत्करतात? हा गुंता सोडवण्यासाठी पुढे त्यांनी सरकारी नोकरांचा अभ्यास केला. ते सगळेच खुर्चीत बसणारे, तेव्हा कामाचा फरक तिथे नव्हताच. फरक होता तो कचेरी सुटल्यानंतरच्या वेळेत. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, फावल्या वेळात दमदार हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका पुष्कळ कमी असल्याचे दिसले. बसून पोट भरणाऱ्यांसाठी ही पहिली खरी आशेची बातमी होती. मॉरिस स्वतः नव्वदी ओलांडेपर्यंत पोहत आणि चालत होते, आणि शंभरीला काही महिने उरले असताना गेले.

मुदतठेवीच्या समजुतीचा निकाल मात्र अमेरिकेत लागला. राल्फ पॅफेनबार्गर यांनी हार्वर्डच्या सुमारे १७,००० माजी विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. १९७८ साली त्यांनी दाखवले की कॉलेजात खेळाडू असलेला माणूस पुढे स्वस्थ बसला, तर जुन्या खेळाचे संरक्षण त्याला मिळत नाही. उलट, कॉलेजात कधी मैदानावर न गेलेला माणूस नंतर हालचाल करू लागला तर त्याला ते मिळते. पॅफेनबार्गर स्वतः पंचेचाळिशीत धावू लागले होते. पुढे १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा माणसांना आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम दिला गेला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. 'आता वय झाले' या आपल्या लाडक्या वाक्याला इतके सरळ उत्तर क्वचितच मिळाले असेल.

हा प्रश्न आपल्यासाठी परका नाही, हे एका छायाचित्राने सांगितले. २००४ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये शेजारीशेजारी उभे राहून काढलेला आपला फोटो छापला. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. कारणे जन्माआधीच्या पोषणापासून राहणीपर्यंत अनेक. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते हेही त्यांत आले. पण सडपातळ दिसणे म्हणजे निरोगी असणे, या आपल्या समाधानाला त्या एका फोटोने तडा दिला.

या इतिहासात कोण नाही, हेही पाहिले पाहिजे. मॉरिस यांच्या अभ्यासात स्त्रिया नाहीत, आणि आपल्या तालमीतही नव्हत्या. जात्यावर बसणाऱ्या, विहिरीचे पाणी ओढणाऱ्या बाईला व्यायामाची गरज नाही असे धरूनच व्यायामाचा विचार झाला. गिरणी आली, नळ आला आणि ते कष्ट सुटले. ते सुटले हे उत्तमच झाले. जात्याचे गोडवे गाणाऱ्याने आधी पहाटे उठून पायलीभर दळून पाहावे. पण कष्ट गेले त्या जागी दुसरे काही आले नाही. मंगळागौरीच्या फुगड्या-झिम्मा वर्षातून एकदाच्या, पुढे तर हौशी प्रयोगापुरत्या उरल्या. पन्नाशीच्या बाईने सकाळी अर्धा तास स्वतःसाठी घराबाहेर पडणे हे अनेक घरांत आजही चैनीचे मानले जाते. दुसऱ्या बाजूला, जी बाई चार घरची धुणीभांडी करते तिला कोणी नमस्कार घालायला सांगू नये. तिला विश्रांती हवी आहे. हालचालीचा हा प्रश्न मुळात श्रमाच्या वाटणीचा आहे: एकाच्या वाट्याला सगळे बसणे आणि दुसरीच्या वाट्याला सगळे राबणे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला साधा आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंना ताकद लावावी, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीनदा तरी करावेत. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे, हेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. रामाझ्झिनीचा सुट्टीच्या दिवसाचा सल्ला आणि हा सल्ला यांत तीन शतकांचे अंतर आहे, आशयाचे फारसे नाही.

आमच्या लहानपणी घरातली वडीलधारी माणसे देवाकडे एकच मागणे मागत: हातपाय चालते आहेत तोवर ने. दीर्घायुष्य त्यांनी मागितले नाही. परावलंबन नको एवढेच मागितले. त्यांच्या दृष्टीने ते सर्वस्वी देवाच्या हाती होते. आज त्यातला काही वाटा, सगळा नव्हे, आपल्या हाती आहे असे म्हणता येते. अध्यापनाच्या व्यवसायात आयुष्याची बैठक घातलेले आम्ही चाळिशी ओलांडून हा लेख लिहीत आहोत, आणि तो लिहिण्यासाठी पुष्कळ तास एकाच जागी बसलो आहोत. तेव्हा उपदेशाचा अधिकार आमचा नाही. हा परिच्छेद संपला की उठायचे, एवढे मात्र ठरवले आहे.