दारू, चर्च आणि योगासनं

दारू सोडवण्याच्या चळवळीचा इतिहास वाचायला घेतला की एक गंमत दिसते. त्यातला सगळ्यात मोठा धागा हॉस्पिटलात नाही, चर्चच्या वर्तुळात सुरू होतो. आणि महाराष्ट्रात येईपर्यंत त्यात चक्क पुण्याचे योगगुरू सामील झालेले असतात!

१९२० च्या दशकात फ्रँक बुकमन या अमेरिकन धर्मोपदेशकाने एक ख्रिस्ती गट उभा केला. पुढे त्याला ऑक्सफर्ड ग्रुप म्हणू लागले. कार्यक्रम साधा: आपली चूक दुसऱ्यापाशी कबूल करायची, ज्याचं नुकसान केलं त्याला भरपाई द्यायची, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्याला हात द्यायचा. न्यूयॉर्कचा बिल विल्सन याच वर्तुळात दारूपासून लांब राहायला शिकला. १९३५ साली अॅक्रन गावात त्याची डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ पडली. तेही पिणारे. त्या ओळखीतून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' म्हणजे एए जन्मली.

१९३९ पर्यंत एए ऑक्सफर्ड ग्रुपपासून वेगळी झाली होती. त्या वर्षी त्यांनी बारा पायऱ्या छापल्या. त्यात देव आहे, पण तो कोणता हे ज्याचं त्याने ठरवायचं. आमच्या भाषेत, इंटरफेस तोच, इम्प्लिमेंटेशन ज्याचं त्याचं. माझ्या मते, म्हणूनच हा प्रोग्रॅम जगभर चालला.

आता मुंबई. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं. फादर बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यामुळे कृपामध्ये बारा पायऱ्यांच्या जोडीला अय्यंगार योग आला. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

"हे धर्मप्रचाराचं काम नाही ना?" असं कुणी विचारेल. शंका गैर नाही, कारण अडलेला माणूस काहीही मान्य करतो. पण जिथे पाद्रीच आसनं शिकवतो, तिथे धर्माची हद्द आखणं जरा अवघडच! शिवाय १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'चा चर्चशी काही संबंध नाही. तरी आधी बाहेर पडलेल्याने नव्याचा हात धरायचा, ही रीत तिथेही आहेच.

म्हणजे मूळ औषध कुठलं? मला वाटतं, गट. नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण घ्या. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, साधारण २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. एकट्या डिशला जे बारकावे दिसत नाहीत, ते सगळ्यांचे सिग्नल जुळवल्यावर दिसतात. मीटिंगमध्येही तसंच होत असावं. आपलं पिणं आपल्याला दिसत नाही; दुसऱ्याच्या गोष्टीत मात्र ते लख्ख दिसतं.

आपल्या आयटीवाल्यांची अडचण इथेच आहे. शुक्रवारची पार्टी सगळ्यांना ठाऊक असते, पण सोमवारी सकाळी हात थरथरतात हे कुणी बोलत नाही. पगार वेळेवर येतो, म्हणजे सगळं ठीक आहे असं घरचेही धरून चालतात. आणि एकटा माणूस "पुढच्या महिन्यापासून बंद" म्हणत वर्षं काढतो.

असो. देव मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण टीममधला एखादा मित्र असा अडकला असेल, तर त्याला उपदेश करत बसू नका. यातून गेलेल्या माणसाशी त्याची गाठ घालून द्या. अॅक्रनमध्ये तरी एवढंच झालं होतं.