घटनेतील एका वाक्याचा इतिहास



घटनादुरुस्ती ही वकिलांची बाब, असे आपण समजतो. परंतु घटनेत घातलेले एक वाक्य सामान्य माणसाच्या घरापर्यंत कसे पोहोचते, हे आयर्लंडच्या इतिहासात पाहण्याजोगे आहे.

त्या देशात १८६१ च्या कायद्यान्वये गर्भपात हा गुन्हाच होता. मग घटनादुरुस्ती कशासाठी? १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला. उद्या आपले न्यायाधीशही तसेच करतील, अशी धास्ती तेथील अनेकांना वाटली. म्हणून ७ सप्टेंबर १९८३ रोजी सार्वमत झाले. मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ६७ टक्के लोकांनी कौल दिला आणि न जन्मलेल्या जीवाचा जगण्याचा हक्क, मातेच्या तितक्याच हक्काचा मान राखून, घटनेत नोंदला गेला. ही शब्दरचना संदिग्ध आहे, असा इशारा अॅटर्नी जनरल पीटर सदरलँड यांनी आधीच दिला होता.

दोन्ही हक्क समान. पण दोहोंत विरोध आला तर? १९९२ मध्ये हा प्रश्न १४ वर्षांच्या एका अत्याचारपीडित मुलीच्या रूपाने न्यायालयापुढे आला. ती आत्महत्या करील हा धोका ध्यानी घेऊन सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातास मुभा दिली. ज्या न्यायाधीशांच्या हातून विषय काढून घ्यायचा, त्यांच्याच हाती तो परत गेला!

पुढे वीस वर्षे संसदेने स्पष्ट कायदा केला नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये दंतवैद्य सविता हलप्पनवार गॉलवे शहरातील रुग्णालयात दाखल झाल्या. त्यांचे माहेर आपल्या शेजारचे बेळगाव. सतराव्या आठवड्यात गर्भ टिकणार नाही हे निश्चित झाले होते. तरी गर्भाचे ठोके चालू असल्याने गर्भपाताची विनंती नाकारली गेली. जंतुसंसर्गाने २८ तारखेस त्यांचे निधन झाले. चौकशीत उपचारांतील उणिवांबरोबर कायद्याच्या अस्पष्टतेवरही बोट ठेवले गेले. २०१३ मध्ये कायदा झाला, आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी ते कलमच रद्द झाले.

मित्रहो, या विषयावर आपली मते भिन्न असतील. ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा तो प्रश्न आहे. परंतु कायद्याला होकार वा नकार देण्यापूर्वी एवढे जरूर विचारा : मध्यरात्री रोग्याच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरला हे वाक्य नेमके काय करावयास सांगेल? हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या मुलामुलींना लागली, तर नागरिकशास्त्राचा तास सार्थकी लागला असे मी समजेन.