फोन्स दंतस्वच्छता विद्यालय
फोन्स दंतस्वच्छता विद्यालय ही अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट शहरात १९१३ साली स्थापन झालेली, डेंटल हायजिनिस्ट घडवणारी जगातील पहिली संस्था मानली जाते. दात किडल्यावर उपचार करण्यापेक्षा कीड टाळावी, असे संस्थापक दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांचे मत होते. केवळ दवाखान्यात बसून ते साधणारे नव्हते. १९१४ मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीतील २७ महिलांपैकी अनेकींची नेमणूक शहरातील शाळांत झाली. त्या मुलांचे दात तपासून स्वच्छ करीत, वर्गात ब्रशची चक्क कवायत घेत, पडद्यावर चित्रे दाखवून व्याख्याने देत आणि पालकांसाठी घरी माहितीपत्रके पाठवीत. फोन्स यांनी १९०६ मध्येच प्रशिक्षित केलेल्या सहायक आयरीन न्यूमन यांना १९१७ मध्ये या व्यवसायाचा पहिला परवाना मिळाला.