जुनीं भिंगें आणि जुनीं छायाचित्रें

छायाचित्रणाचा छंद म्हणजे श्रीमंतांचा किंवा रिकामटेकड्यांचा, अशी समजूत आपल्या मध्यमवर्गांत फार दिवस होती. आतां प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आल्यावर ती उरली नाहीं. पण तिच्या जागीं दुसरी आली आहे. भात्याचे जुने कॅमेरे, पितळी नळ्यांत बसविलेलीं भिंगें, दुधी काच आणि काळें फडकें यांत रमणाऱ्या माणसाकडे लोक कीव केल्यासारखें पाहतात. चांगलें साधन हाताशीं असतां अडचणीचें साधन वापरण्यांत कसला आला आहे आनंद, असा त्यांचा प्रश्न असतो. आनंद आहे, आणि तो अनेक प्रकारचा आहे. आम्हांस येथें त्यांपैकीं एकाविषयींच लिहावयाचें आहे. जुन्या रीतीनें एकदां स्वतः चित्र काढलें, कीं जुनीं छायाचित्रें वाचतां येऊं लागतात. आणि तीं वाचतां न आल्यामुळें आपल्या इतिहासांत कांहीं घोटाळे होऊन बसले आहेत.

जालन्याहून मंठ्याकडे जातांना वाटूर लागतें. ज्यांचें तेथें काम नसतें ते फाट्यावर चहा घेऊन पुढें निघून जातात. आम्ही आणि आमचे एक छंदिष्ट स्नेही तेथें दोन दिवस राहिलों, तें केवळ एका जुन्या कॅमेऱ्याच्या नादानें. काचेच्या प्लेटी आतां सहजासहजीं मिळत नाहींत; म्हणून स्नेह्यांनीं क्ष-किरणांच्या चित्रांकरितां बनविलेली फिल्म मापानें कापून आणिली होती. या जातीच्या फिल्मेस निळा प्रकाश तेवढा समजतो, तांबडा व पिवळा समजत नाहीं. आणि या एका बाबतींत ती दीडशे वर्षांपूर्वींच्या काचेची सख्खी बहीण शोभते. शिवारांतल्या एका शेंदूर फासलेल्या मारुतीपुढें तिवई रोविली. चित्र धुवून पाहतों तों शेंदूर काळा ठिक्कर, आणि वरचें निळें आकाश कोऱ्या कागदासारखें पांढरें. शेजारीं एक शेतकरी हौसेनें उभे राहिले होते. त्यांच्या कपाळीं भंडारा होता. चित्रांत त्या जागीं काळा पट्टा उमटला, आणि चेहरा प्रत्यक्षापेक्षां पुष्कळच सांवळा. चित्र हातांत घेऊन ते म्हणाले, “ह्यो मी न्हाई सर, माझा आजा दिसायलाय!” इतिहासाच्या दृष्टीनें त्यांचें म्हणणें अगदीं यथार्थ होतें. त्यांच्या आजोबांचें कोणी चित्र काढलें असतें, तर तें याच दोषासह निघालें असतें.

हा दोष कोठून आला हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं कलोडियनची ओली काच प्रसिद्धीस आणिली, आणि पुढें सुमारें तीस वर्षें छायाचित्रणावर तिचेंच राज्य चाललें. काचेवर कलोडियन ओतावयाचें, ती चांदीच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची आणि वाळण्यापूर्वीं धुवावयाची. हें सारें दहा-पंधरा मिनिटांत. आपल्याकडील उन्हाळ्यांत तेवढाहि अवकाश मिळत नसे. म्हणून छायाचित्रकाराबरोबर काळा तंबू, बाटल्यांच्या पेट्या आणि पाण्याचे घडे असें बिऱ्हाड चाले. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रणाची सभा स्थापन झाली, तींत डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु नारायण दाजी हे दोघेहि होते. मराठी माणसानें हें यंत्र परक्यांच्या हातून उशिरां घेतलें असें मानणाऱ्यांनीं हें साल ध्यानांत ठेवावें.

आतां वाटुराच्याच जिल्ह्यांतील, पण उत्तरेच्या टोकाचें, एक उदाहरण घेऊं. भोकरदन तालुक्यांत, अजिंठ्याच्या अलीकडे, अन्वा हें गांव आहे. तेथील मंदिर मेजर रॉबर्ट गिल यांनीं आपल्या कॅमेऱ्यानें टिपलें. गिल यांस कंपनी सरकारनें १८४४ मध्यें अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामीं नेमिलें होतें. वर्षानुवर्षें खपून केलेल्या त्यांच्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. त्यांची छायाचित्रें मात्र राहिलीं; जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह तीं १८६४ मध्यें पुस्तकरूपानें निघालीं होतीं. गिल दोन भिंगांच्या कॅमेऱ्यानें जोडचित्रें घेत. लहान भिंगांस प्रकाश थोडा वेळ पुरतो, आणि पुढचें-मागचें दोन्ही स्पष्ट येतें. गुहांच्या प्रदेशांत हिंडणाऱ्यास ही सोय मोठी.

याच फर्ग्युसन साहेबांनीं १८७६ च्या आपल्या भारतीय वास्तुकलेच्या इतिहासांत अन्व्याचा मंडप छापला, तो जैन मंदिराचा मंडप म्हणून! वस्तुतः तें देऊळ महादेवाचें म्हणून ओळखलें जातें, आणि त्याच्या बाहेरील भिंतींवर विष्णूच्या शक्तींच्या सुंदर मूर्ति आहेत. खांबांची व घुमटाची धाटणी पाहून साहेबांनीं निवाडा केला असावा. गिल यांस दोष देणें अन्यायाचें होईल. ओल्या काचेस जेथें ऊन आहे तेथलें फार चांगलें दिसतें. गाभाऱ्यांतील अंधार आणि देवाचा शेंदूर-कुंकवाचा रंग ही तिच्या लेखीं एकच काळोखी. आमच्या मतें चूक एवढीच झाली, कीं चित्रांत जें आलें नाहीं तें जागेवरहि नसावें असें धरून चालण्यांत आलें. काळें फडकें डोक्यावर घेऊन दुधी काचेवर उलटा पडलेला अंधुक मंडप ज्यानें पाहिला आहे, त्यास हा मोह होणार नाहीं.

देवळाचा धर्म बदलला तर पुढें कोणी तरी दुरुस्त करितो. माणसांच्या बाबतींत तें इतकें सोपें नाहीं. १८६८ ते १८७५ या काळांत हिंदी लोकांच्या जातिजमातींचे छायाचित्रांसह आठ खंड सरकारी आश्रयानें निघाले. वॉटसन आणि के हे त्यांचे संपादक. चित्रांसोबत अमुक जात कपटी, तमुक जात मठ्ठ, असे शेरे आहेत. ते काळे, ताठर, रागीट चेहरे पाहून वाचकास ते खरे वाटावे, यांत नवल नाहीं. पण गव्हाळ रंग त्या काचेवर काळवंडतोच; आणि कित्येक सेकंद, प्रसंगीं मान लोखंडी टेकूस लावून, पापणी न हालवितां बसावें लागल्यास आमच्यापैकीं कोणाचीहि मुद्रा प्रसन्न राहणार नाहीं. विश्वास नसेल त्यानें तीस अंक मोजीपर्यंत आरशापुढें हंसून दाखवावें.

भिंगांचीहि अशीच कथा आहे. व्हिएन्नाच्या पेट्झवालनें १८४० मध्यें माणसांच्या चित्रांकरितां जें वेगवान भिंग योजिलें, त्यांत मध्यभाग लखलखीत येतो आणि कडा भोवऱ्यासारख्या फिरतात. आजचे हौशी लोक त्या भोवऱ्यासाठीं भारी किंमत मोजतात. एके काळीं मात्र दुकानदारास त्याचेंच गाऱ्हाणें ऐकावें लागत असेल!

काचेचें हें रंगांधळेपण एकदम गेलें नाहीं. १८७३ मध्यें फोगेल यानें विशिष्ट रंगद्रव्यांच्या योगानें काचेस हिरवा-पिवळा प्रकाश ओळखावयास लाविलें. तांबडा ओळखणाऱ्या प्लेटी १९०६ च्या सुमारास बाजारांत आल्या. त्या धुतांना तांबडा दिवाहि चालत नसे, सगळें काम ठार अंधारांत; म्हणून पुष्कळ स्टुडिओवाले पुढेंहि जुन्याच प्लेटींस चिकटून राहिले. ज्यांच्या घरीं पणजीचा त्या काळचा फोटो भिंतीवर असेल त्यांनीं तो उतरवून खिडकीशीं न्यावा. कपाळावर कुंकू काळ्या टिकल्यासारखें दिसेल. कांहीं फोटोंत मात्र तें लाल सांपडेल. तेथें कागद तिरपा धरून पाहिल्यास रंग वरून बसलेला दिसतो. कॅमेऱ्यानें जें काळें केलें, तें स्टुडिओंतल्या रंगाऱ्यानें बारीक ब्रशानें पुन्हां लाल केलेलें असतें.