गव्हाविना केक : एका लेकीसाठी शोधलेला इतिहास

आम्ही कामठ्याच्या बचतगटातल्या बाया. कामठ्याचा इतिहास म्हटला की जाणती माणसं जुन्या जमीनदारीचं नाव काढतात, १८१८ साली चिमणा पटेलांनी इंग्रजांविरुद्ध केलेलं बंड सांगतात. तो सांगायलाच हवा. पण आज आम्ही आमच्या चुलीपुढचा इतिहास सांगणार आहोत. तो शोधायची वेळ आमच्यावर एका नऊ वर्षांच्या पोरीमुळे आली.

आमच्या गटातल्या एका बाईची ही लेक. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, महिन्यातून दोनदा हगवण. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या लागू पडेनात. जो भेटेल तो एकच सांगे, "भातानं काय अंग धरते? पोरीले गव्हाची पोळी चार, ताकद येईल." आम्हीही सांगितलं, खोटं कशाला बोलावं. माय बिचारी रेशनचा गहू निवडून, दळून, तूप लावून पोळ्या चारत राहिली आणि पोरगी वाळत राहिली. शेवटी नागपूरला रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा कळलं की पोरीला सिलियाक नावाचा आजार आहे. गव्हात ग्लुटेन म्हणून एक चिकटा असतो. ह्या आजारात शरीर त्या चिकट्यावर उलटतं आणि त्यात आपल्याच आतड्याचं अस्तर झिजवून टाकतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. ह्याला गोळी नाही. गहू, मैदा, रवा, शेवया, जव हे सगळं जन्मभर बंद, एवढाच इलाज. आतडं सुधारेपर्यंत काही महिने दूधही कमी करायला सांगितलं, कारण झिजलेल्या आतड्याला दूध पचत नाही. घर माळकरी, त्यामुळे अंडं तर दारातही येत नाही.

म्हणजे गहू नाही, दूध नाही, अंडं नाही. आणि शाळेत दर दोन-चार दिवसांनी कुणाचा तरी वाढदिवस, कुणाच्या तरी डब्यात केक. एकदा ती आमच्या बैठकीत आली, बिस्किटाची ताटली बघितली आणि विचारलं, "मावशी, ह्यातलं मले काय चालते?" ताटलीत तिला चालेल असं काहीच नव्हतं. त्या दिवशी आम्ही ठरवलं की हिला केक करून द्यायचा.

आता आधी गव्हाचं बोलू. आपली झाडीपट्टी धानाची. पश्चिमेकडे वऱ्हाडात ज्वारीची भाकर, आपल्याकडे भात. आमच्या सासवांच्या काळात गव्हाची पोळी सणाला, पाहुण्याला, नाहीतर आजाऱ्याला. रोज पोळी करणारं घर म्हणजे पैशाचं घर. म्हणून गहू म्हणजे मान आणि भात म्हणजे गरिबी, असं गणित डोक्यात बसलं. पुढे गहू स्वस्तही झाला. १९५६ साली भारताने अमेरिकेशी पी. एल. ४८० चा करार केला आणि साठच्या दशकात जहाजं भरभरून गहू आला. मग हरितक्रांती झाली, देशातच गहू मुबलक पिकू लागला. १९६५ साली सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि पाव हा शहरातला रोजचा जिन्नस झाला. ह्यात वाईट काही नाही, कितीतरी पोटं त्या गव्हाने भरली. पण गव्हात ताकद आणि भातात नाही, ही समजूत त्याबरोबर घट्ट झाली आणि आमच्या पोरीला ती फार महागात पडली.

पाव-बिस्किटांची गोष्टही आपल्याकडे साधी नाही. पाव पोर्तुगिजांनी गोव्यात आणला. तिथे खमिराऐवजी माडाची ताडी घालून पीठ फुगवत. पाव खाल्ला की धर्म बुडाला, अशी भीती कित्येक पिढ्या होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशा मोठमोठ्या माणसांनी चहा-बिस्किटं घेतली म्हणून केवढं वादळ उठलं! बहिष्कार पडला, प्रायश्चित्ताची बोलणी झाली. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत ह्या प्रकरणाबद्दल लिहिलं आहे. बैठकीत आम्ही ही गोष्ट सांगितली तेव्हा एक आजी म्हणाली, "बिस्कुट खाल्लं पुरुषांनी अन् तोंड लपवावं लागलं घरच्या बायकांले." आजी शाळा शिकलेली नाही, पण तिचं म्हणणं आम्हाला पटलं.

मग प्रश्न असा की केक फुगतो कशाने? गव्हाचं पीठ पाण्यात मळलं की चिकटा रबरासारखा ताणतो, त्यात हवा अडकते आणि केक वर येतो. अंडंही बांधून धरतं आणि फुगवतं. ही दोन्ही काढली तर उरलं काय? इथे आम्हाला इंग्लंडच्या बर्मिंगहॅम गावचा आल्फ्रेड बर्ड भेटला. हा औषधांचा जाणकार. त्याची बायको एलिझाबेथ हिला अंडं सोसत नसे, खमीरही सोसत नसे. तिच्यासाठी त्याने १८३७ साली अंड्याविना कस्टर्ड केलं आणि १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली. आज दुकानात जी डबी मिळते ती एका बाईच्या पथ्यासाठी निघाली आहे, हे वाचून आम्हाला फार बरं वाटलं. त्यातली युक्ती साधी आहे. एक खार आणि एक आंबट, दोन्ही कोरडे एकत्र ठेवायचे. पाणी लागलं की दोघांचं जुंपतं आणि वायू सुटतो. त्याच्याही आधी अमेरिकेत लाकडाच्या राखेतून काढलेला खार केकमध्ये घालत. १७९६ साली अमेलिया सिमन्स ह्या बाईने छापलेल्या पाकपुस्तकात तो सापडतो. राखेचा खार आपल्याला काय नवा? आपला पापडखार त्याच जातीचा.

म्हणजे फुगवायला खार आहे. आंबटाला ताक चालत नाही, कारण ते दुधाचं. मग संत्रं घेतलं. संत्र्याच्या रसातला आंबटपणा सोड्याशी भिडतो आणि पीठ उचलतो. वास येतो तो वेगळाच. रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेकडून हे झाड नागपुरात आणलं असं सांगतात. पुढे काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी हा सगळा पट्टा संत्र्याचा झाला आणि २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आंबिया बहाराचं संत्रं दिवाळीनंतर येतं, मृगाचं फेब्रुवारीपासून पुढे. आंबिया जरा आंबट, म्हणून केकला तेच बरं, असं आमचं मत. मृगाचं खायला गोड.

अंड्याची जागा कोणी घेतली म्हणता? आपल्या जवसाने! धानाच्या बांधीत कापणीच्या आधी ओलीवर जवस, लाखोळी फेकून उतेऱ्याचं पीक घ्यायची आपली जुनी रीत. तो जवस भाजून चटणी करायची एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पण जवस कच्चाच दळून एक चमचा पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत होते. एक अंडं म्हणून ती घालायची. तांदळाचं पीठ फुसफुशीत, धरून राहत नाही. त्याला हाच चिकटा बांधतो. मात्र एक गोष्ट नीट ऐका, नावात घोटाळा आहे. जवस चालतो, जव चालत नाही. जव म्हणजे सातूचं धान्य, त्यात गव्हासारखाच चिकटा असतो.

केक नवा आहे, असं आम्ही समजत होतो. तसंही नाही. कोकणात धोंडस आणि गोव्यात तवसाळी करतात. तांदळाचा रवा, किसलेली काकडी, गूळ, खोबरं. भांड्याखाली निखारे, झाकणावरही निखारे, आणि मधे ते सावकाश भाजतं. गहू नाही, अंडं नाही. हा केक नाही तर काय? आपल्याकडे पळसाच्या पानात पानगे भाजतात, गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजतात. ते गव्हाचे, पण भाजायची कला तीच. भट्टी लागतच नाही. आमच्याकडेही नव्हती.

आम्ही लोखंडी कढईत बोटभर वाळू घातली, वर झाकण ठेवून दहा मिनिटं तापवली, आत तिपाई ठेवली आणि त्यावर छोट्या वाट्या. प्रमाण विचाराल म्हणून सांगतो. दोन वाट्या तांदळाचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं. एक वाटी चिरलेला गूळ एक वाटी संत्र्याच्या रसात विरघळवून गाळलेला. अर्धी वाटी शेंगदाण्याचं तेल. दोन चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात. दोन संत्र्यांची साल वरवर किसून. आतलं पांढरं येऊ देऊ नका, कडू होतं. दालचिनी, सुंठ, वेलदोडा मिळून एक चमचा, आणि चिमूटभर मीठ. लागेल तसं पाणी घालून भज्याच्या पिठासारखं सैल करायचं आणि वीस मिनिटं झाकून ठेवायचं, म्हणजे तांदूळ कचकच लागत नाही. दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा मात्र शेवटी घालायचा आणि लगेच वाट्या कढईत. सोडा घालून गप्पा मारत बसलात तर केक बसलाच समजा. मंद आचेवर पंचवीस मिनिटं. आप्पेपात्रात केले तर लवकर होतात. गोंदियाच्या गिरण्यांतून तांदळाची कणी स्वस्त मिळते, पिठाला ती चांगली.

पहिल्या खेपेला सगळं जमलं. वास गल्लीभर. पोरीने दोन खाल्ले, हसली. रात्री पोट दुखून आडवी पडली.

आम्ही हबकलो. गव्हाचा एक दाणा घातला नव्हता. दोन दिवस डोकं खाजवलं, मग एका वहिनीच्या लक्षात आलं. तांदूळ आम्ही चक्कीवर दळून आणला होता आणि आमच्या आधी गव्हाचा डबा लागला होता. जात्यात उरलेलं मूठभर गव्हाचं पीठ आमच्या पिठात आलं. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. पण भारतात ज्या खाण्यावर ग्लुटेनमुक्त असं छापायचं, त्याच्या एका किलोत वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. वीस मिलिग्रॅम म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही. तेव्हापासून तिचं पीठ घरच्या जात्यावर दळतो. पाट्यावर वाटलं तरी चालतं, पण पाटा वेगळा. तिची कढई, चाळणी, पोळपाटही वेगळं. आणि हिंग बघून घ्या. दुकानातल्या बांधणी हिंगात बहुतेकदा मैदा असतो. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आम्ही आधी कधी वाचलंच नव्हतं.

गव्हाने माणूस आजारी पडतो हे डॉक्टरांनाही फार उशिरा कळलं. इंग्लंडच्या सॅम्युएल गी ह्यांनी १८८८ साली ह्या आजाराचं वर्णन केलं, पण कारण सापडलं नाही. एकेकाळी अशा मुलांना केळ्यांवर ठेवत. मग हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. एका तरुण आईने त्यांना सांगितलं की पाव बंद केला की माझं लेकरू सुधारतं. ती गोष्ट त्यांनी कानाआड केली नाही. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धात, तिथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेना. सगळी मुलं खंगत होती आणि ही आजारी मुलं मात्र सुधारत होती. पाव परत मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके ह्यांनी आपल्या प्रबंधात गहू हेच कारण असल्याचं मांडलं. त्याच १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी दूध-अंडंही न खाणाऱ्यांसाठी व्हीगन हा शब्द काढला. त्यांचं कारण जनावरांबद्दलची कणव, आमचं कारण एका पोरीचं पोट. केक मात्र एकच निघाला.

हे ऐकून कुणी उद्याच घरचा गहू बंद करू नका. विशेषतः ज्यांच्या लेकराला हगवण, रक्त कमी, वाढ खुंटलेली असं आहे आणि शंका येते, त्यांनी तपासणीच्या आधी गहू सोडला तर तपासणीत आजार दिसतच नाही. आधी रक्त तपासा, मग डॉक्टर सांगतील ते करा. आणि ज्यांना हा आजार नाही, त्यांनी पोळी खुशाल खावी.

पोरगी आता चौथीत आहे. वजन वाढलं, गोळ्या लागू पडतात. दूधही आता पचतं, पण केकमध्ये ती ते घालू देत नाही, चव बदलते म्हणते. मागच्या वाढदिवसाला तिने वर्गात चाळीस केक वाटले. संत्र्याचा हंगाम संपला होता म्हणून लिंबाचे केले. एका वाटी रसाऐवजी दोन लिंबं आणि बाकी पाणी, गूळ थोडा जास्त. बाईंनी तिला विचारलं, ह्यात काय काय घातलं, तर ती म्हणाली, "आमच्या बांधीतला जवस."