ऑरलँडो : थीम पार्क आणि प्रादेशिक विकास

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील ऑरलँडो शहर व त्याचा परिसर हे थीम पार्कमुळे एका प्रदेशाचे संपूर्ण अर्थकारण पालटल्याचे ठळक उदाहरण आहे. शहराच्या नैर्ऋत्येस वॉल्ट डिझ्नी वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी लिंबूवर्गीय फळबागा आणि गुरेपालन हे येथील जुने व्यवसाय होते. १९५० च्या दशकात क्षेपणास्त्रनिर्मितीची त्यांत भर पडली होती.

जमीन व प्रशासन : कॅलिफोर्नियातील डिझ्नीलँडभोवती (१९५५) इतरांनी मोटेले व दुकाने उभारली आणि पर्यटकांच्या खर्चाचा मोठा वाटा त्यांच्याकडे गेला. म्हणून फ्लॉरिडात डिझ्नी कंपनीने वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. खरेदीदार कोण, हे १९६५ मध्ये उघड झाले. १९६७ मध्ये राज्य विधिमंडळाने ‘रीडी क्रीक सुधारणा जिल्हा’ स्थापला. रस्ते, सांडपाणी, अग्निशमन, बांधकाम परवाने आणि कर्जरोखे काढण्याचे अधिकार त्याला मिळाले. मतदानाचा हक्क मुख्यतः जमीनमालकीवर ठरत असल्याने त्याचा कारभार व्यवहारात कंपनीच्याच हाती राहिला.

विस्तार : डिझ्नीपाठोपाठ सीवर्ल्ड (१९७३) व युनिव्हर्सल स्टुडिओज (१९९०) आले. मॅकॉय हवाई तळाच्या जागी आंतरराष्ट्रीय विमानतळ विकसित झाला. १९८३ मध्ये भव्य अधिवेशन केंद्र उघडले. १९८० च्या दशकातील कडाक्याच्या थंडीने बागा करपल्यावर अनेक बागाईतदारांनी नवी लागवड न करता जमिनी घरबांधणीसाठी विकल्या. ऑरेंज काउंटीची लोकसंख्या १९७० मधील सुमारे ३ लाख ४४ हजारांवरून २०२० मध्ये सुमारे १४ लाख ३० हजारांवर गेली. शेजारच्या ऑसिओला काउंटीत ती २५ हजारांवरून सुमारे ३ लाख ८९ हजार, म्हणजे पंधरापटीहून अधिक झाली.

मर्यादा : डिझ्नी वर्ल्ड हे अमेरिकेत एकाच ठिकाणी सर्वाधिक लोकांना काम देणारे आस्थापन मानले जाते. तरीही हॉटेले, उपाहारगृहे व उद्यानांतील बहुसंख्य नोकऱ्यांचे वेतन दीर्घकाळ कमी राहिले. घरभाडे वाढत गेले आणि पर्यटकांसाठी बांधलेल्या मोटेलांत कामगार कुटुंबे कायमची राहू लागली. हॉटेल-मुक्कामावरील कराचा पैसा कायद्याने प्रामुख्याने पर्यटनाची जाहिरात व संबंधित सुविधांसाठी राखला जातो. घरे आणि शाळांसाठी तो सहज वळवता येत नाही. एकाच उद्योगावर विसंबण्याचा धोका मार्च २०२० मध्ये, कोविड-१९ मुळे उद्याने बंद पडली तेव्हा, स्पष्ट झाला.

मूल्यमापन : २०२३ मध्ये राज्याने रीडी क्रीक जिल्ह्याचे नाव बदलून त्याचे मंडळ नेमण्याचा अधिकार राज्यपालांकडे दिला. मात्र वेतन व निवाऱ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. उद्यानाने रोजगार, रस्ते आणि विमानतळ यांना चालना दिली, हे निर्विवाद आहे. पण ही वाढ विकास ठरण्यासाठी पर्यटकांची सेवा करणाऱ्या माणसाला त्याच परिसरात परवडणारे घर मिळायला हवे. थीम पार्कसाठी जमीन व करसवलती देणाऱ्या कोणत्याही शासनाने वेतन, घरे आणि करवाटपाच्या अटी करार करतानाच ठरवाव्यात, हा ऑरलँडोचा धडा आहे.