छू, यू, हाड : श्वानशिक्षणाच्या शब्दांचा मागोवा

कुत्र्याशी बोलण्याकरिता मराठीने तीन केवलप्रयोगी अव्यये जणू राखून ठेविली आहेत. ‘यू यू’ म्हणजे जवळ ये, ‘छू’ म्हणजे धावून जा, ‘हाड’ म्हणजे चालता हो. रत्नागिरीकडील वाड्यांतून हे शब्द आजही कानी पडतात. त्यांना पुरुष नाही, वचन नाही, काळ नाही. आणि माणसाला कोणी ‘हाड’ म्हटले तर तो अपमानच ठरतो. परंतु ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ या अर्थांचे स्वतंत्र शब्द मात्र कुत्र्याच्या वाट्याला आले नाहीत. तेथे माणसाला उद्देशून वापरावयाचे आज्ञार्थी रूपच उसने घ्यावे लागते. नांगराच्या बैलाला चालविणारे, थांबविणारे, वळविणारे शब्द गावोगाव आहेत. मग कुत्र्याला थांबविणाराच शब्द का नसावा?

श्वानपालनाची विद्या आपल्याकडे नव्हती, असे उत्तर कोणी देईल तर ते टिकणारे नाही. कुत्र्यांचा समूह घेऊन हिंडणाऱ्यासाठी ‘श्वागणिक’ हा शब्द पाणिनीने सूत्र करून साधला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लुब्धक आणि श्वगणी अरण्यांतून फिरती राखण करतात. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात तर ‘सारमेयविनोद’ हे स्वतंत्र प्रकरणच आहे. मराठीचे अभ्यासक हा ग्रंथ उघडतात तो त्यातील गीतांत आढळणाऱ्या मराठी ओळींसाठी. शेजारचे श्वानप्रकरण सहसा न वाचताच पुढे जातात.

प्रश्न विद्येचा नसून कुत्र्याकडून काय अपेक्षिले जात होते, याचा आहे. अलेक्झांडरच्या स्वारीसंबंधी लिहिणारे डायोडोरस आणि स्ट्रेबो हे सोपिथीझ राजाच्या कुत्र्यांची एक कथा देतात. सिंहाला धरलेल्या कुत्र्याचा पाय कापू लागले तरी त्याने पकड सोडली नाही, अशी ती कथा. अतिशयोक्ती वजा केली तरी गौरव कशाचा होत होता हे स्पष्ट आहे. जेथे कुत्रा हेच शस्त्र असते, तेथे न सुटणारी पकड हा गुण होय. अशा शिकारीत ‘छू’ एवढा एक शब्द पुरेसा होतो. ‘सोड’ म्हणण्याची वेळ येते ती सावज मेल्यावर. आणि तेव्हा शब्दापेक्षा काठीच वापरली जात असावी, असा माझा तर्क आहे.

बंदुकीने ही अपेक्षा पालटली. पक्षी गोळीने पडू लागल्यावर कुत्र्याचे काम मारण्याचे उरले नाही; न चिरडता आणून हातात देण्याचे झाले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये जोपासलेल्या रिट्रीव्हर जातींचे ‘मऊ तोंड’ हे या गरजेचे फळ. पिलाने खेळताना माणसाच्या हाताला दात न लावणे ही गोष्ट मात्र निराळी. तो धडा पिले प्रथम आपल्या भावंडांतच शिकतात. चावा जोराचा बसला की दुसरे कळवळते आणि खेळ मोडतो. मालक पुढे हात मागे घेऊन तोच धडा चालवितो. जात आणि शिक्षण यांची येथे पुष्कळदा गल्लत केली जाते.

याच रिट्रीव्हर कुळातील एक लॅब्रॅडॉर महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. पुण्यात शिकलेल्या, मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’ने 1993 च्या स्फोटमालिकेच्या काळात तीन हजार किलोंहून अधिक आर.डी.एक्स. हुडकून दिले, अशी नोंद आहे. स्फोटके हुंगणाऱ्या कुत्र्याने तर तोंड लावावयाचेच नसते. वास मिळताच त्याने खाली बसावे, असे त्याला शिकविले जाते. म्हणजे जी आज्ञा माणूस कुत्र्याला देत असे, तेच आता कुत्र्याचे माणसाला उत्तर झाले.

आज रत्नागिरी शहरात पाळीव कुत्र्याला ‘सिट’ म्हणणारा गृहस्थ रस्त्यावरच्या कुत्र्याला ‘हाड’च म्हणतो. कुत्र्याला भाषेशी कर्तव्य नाही. ध्वनी आखूड असावा आणि रोज तोच असावा, एवढेच त्याला पुरते. ‘बस’ हे त्या कसोटीला ‘सिट’इतकेच उतरते. इंग्रजी शब्द आला तो सोयीने नव्हे; तो श्वानशिक्षणाच्या नव्या पद्धतीसह आला, आणि तिच्यासह प्रतिष्ठाही.

मात्र वर जे तीन शब्द सांगितले, ते घरादारांतले. हाक्याच्या शिकारीतले, पारध्यांचे आणि मेंढरे राखणाऱ्या धनगरांचे शब्द त्याहून अधिक असले पाहिजेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबविली, हे योग्यच झाले. परंतु तिच्यासोबत ते शब्द उच्चारण्याचा प्रसंगही सरला. ज्यांनी ते तरुणपणी उच्चारले, ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. आपल्या विभागातील बोलीसर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत नातेवाचक शब्द आहेत, धान्यांची नावे आहेत. कुत्र्याला कसे थांबविता, हा प्रश्न अद्याप नाही.